काऊंटरपासून सुरू होणारे प्रशिक्षण: नाशिकमधील नागरी सहकारी बँकांच्या शाखांसाठी एक कार्यपद्धती

नागरी सहकारी बँकांमध्ये प्रशिक्षण आणि कर्मचाऱ्यांचे मनोबल हे दोन विषय बहुधा दोन वेगळ्या टेबलांवर असतात. प्रशिक्षणाची फाइल प्रशासन विभागाकडे असते. तपासणीत विचारले जाते म्हणून वर्षातून दोन-तीन वर्ग होतात, हजेरीपत्रकावर सह्या घेतल्या जातात आणि दीपप्रज्वलनाचे छायाचित्र वार्षिक अहवालात छापले जाते. मनोबलाची आठवण वर्धापनदिनाच्या स्नेहभोजनाच्या वेळी किंवा एखाद्या चांगल्या अधिकाऱ्याने राजीनामा दिल्यावर होते. प्रत्यक्षात शाखेत या दोन्ही गोष्टी एकाच काऊंटरवर घडतात. ज्या प्रश्नाचे उत्तर शिकवलेलेच नाही, त्या प्रश्नासमोर माणसाला रोज उभे केले की तो खचतो. उत्तर ठाऊक असूनही साहेबांनी ग्राहकासमोर त्याला खोटे पाडले, तर शिकलेले वापरण्याची त्याची इच्छाच संपते. म्हणून पुढील पद्धतीत प्रशिक्षण आणि पाठबळ यांची आखणी एकत्रच केली आहे.

हा लेख मुख्यतः अशा बँकांसाठी आहे, ज्यांचे मुख्य कार्यालय नाशिक शहरात आहे, शाखा सातपूर-पंचवटीपासून सिन्नर-पिंपळगावपर्यंत पसरलेल्या आहेत आणि प्रत्येक शाखेत शाखाधिकाऱ्यांसह पाच ते आठ माणसे काम करतात. एवढ्या मनुष्यबळात दोघांना दोन दिवस वर्गाला पाठवले तर काऊंटर बंद ठेवावे लागते, ही अडचण खरी आहे आणि ती गृहीत धरूनच ही आखणी केली आहे. पतसंस्थांनाही यातील बराचसा भाग उपयोगी पडेल. नियम जिथे वेगळा आहे, तिथे तसा उल्लेख केला आहे.

पहिले पाऊल: अडलेल्या प्रश्नांची वही

प्रशिक्षणाचे विषय मुख्य कार्यालयात बसून ठरवू नयेत. प्रत्येक काऊंटरवर एक साधी वही ठेवावी आणि पंधरा दिवस एकच नोंद करावी: ज्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही, किंवा ज्यासाठी उठून दुसऱ्याला विचारावे लागले, तो प्रश्न. कर्मचाऱ्याचे नाव लिहू नये. नाव लिहायचे म्हटले की वही कोरी राहते, आणि कोरी वही पाहून सगळे आलबेल असल्याचा समज होतो.

पंधरा दिवसांनी शाखाधिकाऱ्यांनी या नोंदींची विषयवार विभागणी करावी. काही प्रश्न सगळ्याच शाखांत सापडतील: वारसाची नोंद, मृत खातेदाराची रक्कम, केवायसीचे (ग्राहकाची ओळख आणि पत्ता यांच्या नोंदींचे) नूतनीकरण, व्याजावरील करकपात, एटीएममधून न आलेले पैसे. बाकीचे प्रश्न शाखेगणिक बदलतील. पिंपळगाव बसवंत किंवा लासलगावच्या शाखेत बाजार समितीतून आलेला शेतकरी व्यापाऱ्याचा चेक कधी वटेल हे विचारतो. सातपूर आणि अंबडच्या शाखांत लहान कारखानदारांना कॅश क्रेडिटचे (मालाच्या तारणावरील खेळत्या कर्जाचे) नूतनीकरण आणि स्टॉक स्टेटमेंट (शिल्लक मालाचे विवरण) यांबद्दल शंका असतात. गंगापूर रोड आणि कॉलेज रोडच्या शाखांत ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवी, लॉकर आणि ऑनलाइन फसवणूक हे विषय अधिक येतात. पंचवटीत पूजासाहित्याचे आणि प्रसादाचे व्यापारी नाण्यांच्या पिशव्या घेऊन येतात. २०२७ च्या सिंहस्थात हा ओघ किती वाढेल, याची कल्पना जुन्या कॅशियरना आहे. तेथील नव्या कर्मचाऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगावे की दहा रुपयांची वेगवेगळ्या नक्षींची सर्व नाणी चलनात वैध आहेत, तसे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे आणि ती नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरे पाऊल: वेळ कर्मचाऱ्याची नव्हे, बँकेची

व्यवहार सुरू होण्यापूर्वीचा अर्धा तास, आठवड्यातून दोनदा, एवढा वेळ पुरतो. या अर्ध्या तासाला कामाचा वेळ मानावे आणि त्या दिवशी संध्याकाळी तेवढे लवकर सोडावे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद ठेवण्याची पद्धत सप्टेंबर २०१५ पासून सुरू झाली. ते दोन शनिवार प्रशिक्षणासाठी घेण्याचा मोह अनेक व्यवस्थापनांना होतो. तो आवरावा. सुटीच्या दिवशी खुर्चीत बसवलेला माणूस शिकत नाही, घड्याळ पाहतो. अपवादात्मक परिस्थितीत तो दिवस घ्यावाच लागला, तर बदली रजेचा आदेश वर्गाच्या सूचनेबरोबरच काढावा.

दिवस ठरवताना शाखेच्या परिसराचा विचार करावा. गोदाघाटावर बुधवारचा आठवडे बाजार असतो, म्हणून पंचवटीतील शाखेने बुधवार टाळावा. द्राक्ष पट्ट्यात, म्हणजे निफाड, पिंपळगाव आणि दिंडोरीकडे, फेब्रुवारी ते एप्रिल हा हंगामाचा काळ असतो आणि त्यातच मार्चअखेर येते, त्यामुळे तेव्हा नवा विषय काढू नये. सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा उरकायची असल्याने तो महिनाही धावपळीचा असतो. जिल्ह्यातील बहुतेक शाखांना आषाढ-श्रावणाचा काळ सोयीचा पडतो. लांबीचे वर्ग तेव्हा घ्यावेत आणि बाकीच्या वर्षात अर्ध्या तासाचा क्रम चालू ठेवावा.

तिसरे पाऊल: अर्ध्या तासाची रचना

अर्ध्या तासात एकच विषय घ्यावा. पहिली दहा मिनिटे नियम, पुढची पंधरा मिनिटे प्रत्यक्ष प्रसंग आणि शेवटची पाच मिनिटे एका पानाची टिपणी, जी काऊंटरच्या काचेखाली राहील. परिपत्रक मोठ्याने वाचून दाखवणे हे प्रशिक्षण नव्हे. त्याने फक्त परिपत्रक वाचल्याची नोंद होते.

उदाहरणादाखल बनावट नोटेचा वर्ग घेऊ. ज्या शहरात १९२८ पासून नोटांचा छापखाना आहे, त्या शहरातील कॅशियरला खरी नोट बोटांनी ओळखता यावी, ही अपेक्षा काही जास्त नाही. टेबलावर पाचशेच्या खऱ्या नोटा ठेवाव्यात आणि प्रत्येकाने त्या तीन प्रकारे पाहाव्यात. आधी बोटांनी: गांधीजींच्या चित्रावरील उठावदार छपाई आणि दोन्ही कडांवरच्या पाच तिरप्या रेषा हाताला लागल्या पाहिजेत. मग नोट तिरकी करून: सुरक्षा धाग्याचा आणि उजवीकडील ५०० या आकड्याचा रंग हिरव्यावरून निळा होताना दिसला पाहिजे. शेवटी उजेडासमोर धरून: जलचिन्ह आणि आरपार जुळणारा आकडा पाहावा. क्रमांकातील अंकांचा आकार डावीकडून उजवीकडे वाढत जातो, हेही दाखवावे. काही शाखांत जुन्या ड्रॉवरमध्ये ‘नमुना’ म्हणून एखादी खोटी नोट जपून ठेवलेली असते. ती सवय ताबडतोब मोडावी, कारण जप्त केलेली नोट शाखेत शिकवणीसाठी ठेवायची नसते, ती नियमाप्रमाणे पोलिसांकडे जायची असते.

यानंतर प्रसंग. एक जण शेतकरी होतो, दुसरा कॅशियर. नोटांच्या गड्डीत एक नोट संशयास्पद निघते. अननुभवी कॅशियर इथे दोनपैकी एक चूक करतो. वाद नको म्हणून नोट हळूच परत देतो, किंवा सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात “ही कुठून आणली?” असे विचारतो. नोट परत करणे नियमाविरुद्ध आहे आणि बनावट नोट जप्त न करणे हा बँकेचा त्या नोटेच्या चलनात जाणीवपूर्वक सहभाग समजला जाऊ शकतो. आवाज चढवणे तर सरळसरळ अन्याय आहे, कारण समोरचा माणूस बहुधा स्वतःच फसलेला असतो. म्हणून वर्गात वाक्य पाठ करून घ्यावे: “काका, या नोटेबद्दल शंका आहे. तुमच्यासमोरच मशीनवर पुन्हा तपासतो.” तपासणीत नोट बनावट ठरल्यास तिच्यावर बनावट असल्याचा शिक्का मारावा, ती जप्त करावी, तिची रक्कम खात्यात जमा करू नये, आणि ठरलेल्या नमुन्यातील पावती द्यावी. ग्राहकाने पावतीच्या स्थळप्रतीवर सही करण्यास नकार दिला तरी पावती द्यायचीच असते. एका व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा आढळल्या तर महिनाअखेरीस पोलिसांना एकत्रित अहवाल पाठवतात. पाच किंवा अधिक आढळल्यास गुन्हा नोंदवावा लागतो. हा शेवटचा फरक अनेक अनुभवी कॅशियरनाही नीट ठाऊक नसतो.

एवढे झाल्यावर शाखाधिकाऱ्यांनी एक गोष्ट सर्वांसमोर सांगावी: नोट जप्त केल्यावर ग्राहक चिडला तर कॅशियरने त्याला माझ्या केबिनमध्ये पाठवायचे, वाद मी घालीन. या एका वाक्यामुळे वर्गाचा निम्मा उपयोग वाढतो. पाठीशी कोणी नसेल, तर शिकलेला माणूसही नोट परत देऊन मोकळा होतो.

कोणते विषय आधी घ्यावेत

मृत खातेदाराच्या रकमेचा विषय पहिल्या महिन्यातच घ्यावा, कारण इथे ग्राहक दुःखात असतो आणि आपला कर्मचारी गोंधळलेला असतो. नामनिर्देशन असलेल्या ठेवीसाठी वारस दाखला मागण्याची गरज नसते. मृत्यूचा दाखला, नामनिर्देशित व्यक्तीची ओळख आणि दाव्याचा अर्ज पुरतो. नामनिर्देशित व्यक्ती वारसांची विश्वस्त या नात्याने रक्कम स्वीकारते, त्यामुळे तिला रक्कम दिली म्हणजे इतर वारसांचा हक्क संपत नाही, हेही घरच्यांना शांतपणे सांगता आले पाहिजे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवखात्याला चारपर्यंत नामनिर्देशित व्यक्ती देता येतात, एकाच वेळी ठरावीक हिश्श्याने किंवा एकामागून एक. लॉकरसाठी मात्र एकामागून एक हाच पर्याय आहे. शाखेतील छापील फॉर्म जुने असतील तर आधी ते बदलावेत, नाहीतर वर्गात शिकवलेले आणि काऊंटरवर असलेले यांत मेळ राहत नाही.

केवायसीबाबत फक्त तीन आकडे लक्षात ठेवायला सांगावेत: जास्त जोखमीच्या ग्राहकांसाठी २ वर्षे, मध्यमसाठी ८, कमी जोखमीसाठी १०. माहितीत काहीच बदल नसेल तर ग्राहकाची स्वयंघोषणा चालते. ‘सगळी कागदपत्रे पुन्हा आणा’ हे वाक्य शाखेतून हद्दपार झाले तर निम्म्या तक्रारी आपोआप कमी होतील.

चेकबाबतची जुनी उत्तरे आता लागू नाहीत. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकची वटवणूक गठ्ठ्यांनी न होता दिवसभर सतत होते. बाजार समितीतून आलेल्या शेतकऱ्याला ‘दोन-तीन दिवस लागतील’ असे सवयीने सांगणारा कर्मचारी त्याला चुकीची माहिती देतो. एटीएममधून पैसे न येता खात्यातून वजा झाले आणि ते पाच दिवसांत परत जमा झाले नाहीत, तर त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई देय होते, हेही माहीत असावे.

ऑनलाइन फसवणुकीचा वर्ग स्वतंत्र घ्यावा आणि त्यात ‘डिजिटल अरेस्ट’चा, म्हणजे पोलीस असल्याची बतावणी करून फोनवरून अटकेची भीती घालण्याचा, प्रसंग करून दाखवावा. एक आजी घाईघाईने मुदत ठेव मोडायला आल्या आहेत, फोन कानालाच आहे, कारण विचारले तर सांगत नाहीत. अशा वेळी काऊंटरवरच्या ताईंनी काय करावे? पैसे आजींचे आहेत, त्यांना अडवण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु त्यांना केबिनमध्ये बसवून पाणी देणे, फोन बंद करायला सांगणे, घरातील कोणाला कळवू का असे विचारणे, आणि पोलीस फोनवरून कोणालाही अटक करत नाहीत हे स्पष्ट सांगणे, एवढे नक्की करता येते. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार करायला मदत करावी. तिसऱ्याच कोणाच्या गैरकृत्यामुळे झालेल्या अनधिकृत व्यवहाराची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला दिल्यास ग्राहकावर जबाबदारी येत नाही, म्हणून अर्जावर तारीख आणि वेळ घालून पोच देणे फार महत्त्वाचे असते.

अफवांच्या काळासाठी एक वर्ग राखून ठेवावा. एखाद्या बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी इतर सहकारी बँकांच्या काऊंटरवरही ठेवीदार येतात. ठेव विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे, मुद्दल आणि व्याज मिळून, ५ लाख रुपये आहे. २०२१ च्या कायदेबदलानुसार निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत ही विमारक्कम मिळण्याची तरतूद आहे. हे संरक्षण बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. पतसंस्थेतील कर्मचाऱ्याने याबाबत चुकूनही दिशाभूल करू नये. काऊंटरवरच्या माणसाने एवढेच सांगावे, बँकेच्या ताळेबंदाची चर्चा शाखाधिकाऱ्यांवर सोडावी.

चौथे पाऊल: जोड्या, बदली आणि रजा

लहान शाखांत ज्ञान व्यक्तीकडे साठते. लॉकरचे एकाच साहेबांना कळते, सोनेतारणाचे एकाच मॅडमना, आणि त्या रजेवर गेल्या की ग्राहकाला ‘सोमवारी या’ असे सांगितले जाते. यात ज्यांना कळते त्यांचीच जास्त कोंडी होते, कारण त्यांना रजा मिळत नाही. प्रत्येक कामासाठी एक मुख्य आणि एक पर्यायी अशी जोडी लेखी नेमावी आणि दर महिन्याला दोन दिवस पर्यायी माणसाने ते काम मुख्य माणसाच्या देखरेखीखाली करावे.

संवेदनशील जागांवरील कर्मचाऱ्यांना दरवर्षी सलग दहा कामकाजाच्या दिवसांची सक्तीची, पूर्वसूचना न देता दिलेली रजा द्यावी, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. तिचा मूळ हेतू गैरव्यवहार उघडकीस यावा हा आहे. मात्र हा हेतू स्पष्ट न सांगता रजा दिली तर माणसाला वाटते की माझ्यावर संशय आहे. कोणाकोणाला ही रजा लागू होते, याची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच सूचनाफलकावर लावावी, तारीख तेवढी गुप्त ठेवावी, आणि शाखाधिकाऱ्यांचे नाव त्या यादीत सर्वांत वर असावे. त्या दहा दिवसांत पर्यायी माणसाची खरी परीक्षा होते. जे जे अडेल ते टिपून पुढच्या वर्गाचा विषय करावा.

पाचवे पाऊल: बाहेरचे प्रशिक्षण आणि परीक्षा

नाशिकच्या बँकांना पुणे जवळ आहे. तेथील राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था, वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था आणि रिझर्व्ह बँकेचे कृषी बँकिंग महाविद्यालय यांच्या अभ्यासक्रमांचा लाभ घ्यावा. अडचण पाठवण्यात नसते, निवडीत असते. दरवेळी त्याच दोन अधिकाऱ्यांना, बहुतेक वेळा निवृत्तीला वर्ष राहिलेल्यांना, पाठवले जाते आणि बाकीचे त्याला सहल म्हणू लागतात. निवडीचा निकष आधी जाहीर करावा. परत आलेल्या माणसाने पंधरा दिवसांच्या आत दोन शाखांत अर्ध्या तासाचा वर्ग घ्यावा, ही अट ठेवावी. मात्र त्यासाठी त्याला तयारीचा वेळही द्यावा.

जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या व्यावसायिक परीक्षांसाठी शुल्काचा परतावा आणि उत्तीर्ण झाल्यावर वेतनवाढ देणाऱ्या बँका आहेत. आपल्या बँकेत वेतनवाढ शक्य नसेल तर निदान परीक्षेच्या आधीचे चार दिवस रजा मंजूर करावी. शाखांतर्गत चाचण्या घ्याव्यात, पण त्यांचे गुण फलकावर लावू नयेत. एखाद्या प्रश्नात शाखेतील बहुतेक जण चुकले, तर चूक वर्ग घेणाऱ्याची समजावी.

सहावे पाऊल: मनोबल जिथे खचते त्या जागा

पगार, बढती आणि पेन्शन यांबद्दलची नाराजी शाखाधिकारी दूर करू शकत नाहीत, ती बाब संचालक मंडळाची आहे. पण रोजच्या कामकाजातील काही प्रसंग पूर्णपणे त्यांच्या हातात असतात.

त्यातला पहिला प्रसंग कॅश टॅली न होण्याचा, म्हणजे मोजलेली रोकड आणि नोंदी न जुळण्याचा. संध्याकाळी सहा वाजले आहेत, डे-एंड (दिवसाचा हिशेब बंद करण्याचे काम) अडकले आहे, कॅशियर तिसऱ्यांदा गड्ड्या मोजतो आहे आणि बाकीचे त्याच्याकडे पाहत बसले आहेत. पहिल्यांदा बाकीच्यांना घरी सोडावे. सिन्नर किंवा ओझरहून शहरात परतणाऱ्या महिलांची बस चुकवून कॅश टॅली होत नाही. मग कॅशियरबरोबर शाखाधिकाऱ्यांनी स्वतः बसावे आणि क्रमाने तपासावे: फुटकळ नोटा, एकाच रंगाच्या नोटांची सरमिसळ, मग व्हाउचरे आणि स्क्रोल (दिवसाच्या रोख व्यवहारांची यादी). फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता मोठी असते. समजा ८,२०० ची नोंद २,८०० अशी पडली, तर फरक ५,४०० येतो आणि त्याला नऊने भाग जातो. अशा वेळी गड्ड्या चौथ्यांदा मोजण्यात वेळ न घालवता नोंदी पाहाव्यात. ही युक्ती जुन्या खतावणीच्या काळातील लोकांना माहीत होती, कोअर बँकिंग (सर्व शाखांची एकच संगणक प्रणाली) आल्यावर ती शिकवायची राहून गेली. तूट सापडलीच नाही तर बँकेच्या नियमाप्रमाणे ती नोंदवावी. वर्गणी काढून किंवा कॅशियरच्या खिशातून रक्कम गुपचूप भरून घेण्याची प्रथा बंद करावी. ती बंद झाली की एखाद्या दिवशी जास्त निघालेली रक्कमही लपवली जात नाही.

दुसरी जागा पासवर्डची. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायची, या व्यवस्थेवर संपूर्ण संगणकीय सुरक्षा उभी आहे. तरीही गर्दीच्या वेळी ‘तुझा पासवर्ड दे, मी टाकतो’ असे वरिष्ठ म्हणतात आणि कनिष्ठ नाही म्हणू शकत नाही. पुढे काही गडबड निघाली की संगणकावर नाव कनिष्ठाचे दिसते. हा शिस्तीचा आणि मनोबलाचा एकाच वेळचा प्रश्न आहे. पासवर्ड देण्यास नकार देणाऱ्याला कोणी जाब विचारणार नाही, असे पत्र मुख्य कार्यालयाने प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावे काढावे आणि मंजुरीसाठी वरिष्ठ जागेवर नसतील तेव्हा काय करायचे याची व्यवस्था लावून द्यावी. व्यवस्था न लावता केवळ पत्र काढले तर गर्दीत ते पत्र कोणालाच आठवणार नाही.

तिसरी जागा सहकारी बँकांपुरती आहे आणि तिच्याबद्दल लिहिणे अवघड आहे, म्हणून ती बहुतेक मार्गदर्शक पुस्तिकांत सापडत नाही: संचालकांचा फोन. “आपला माणूस आहे, बघा जरा,” एवढेच वाक्य असते. पण ते थेट क्लार्कला आले की त्याची पंचाईत होते. नियम पाळला तर संचालक नाराज, मोडला तर तपासणीत तोच अडकणार. संचालक मंडळाने ठराव करावा की कोणत्याही ग्राहकाबाबत संचालकांनी फक्त शाखाधिकाऱ्यांशी किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांशी बोलावे. फोन आलाच तर कर्मचाऱ्याने “साहेबांना सांगतो” एवढेच म्हणावे आणि शाखाधिकाऱ्यांनी त्याची नोंद ठेवावी. असा ठराव करायला अध्यक्षांची इच्छाशक्ती लागते, हे खरे. ज्या बँकेत तो झाला आहे तिथे क्लार्कच्या चेहऱ्यावरून फरक कळतो.

ग्राहक अपशब्द वापरू लागला तर शाखाधिकाऱ्यांनी केबिनमधून उठून काऊंटरवर यावे. कर्मचाऱ्याची चूक असली तरी तिथे ती काढू नये. ग्राहकाचे काम मार्गी लावावे आणि चुकीबद्दल नंतर दार लावून बोलावे. उलट काम चांगले झाले असेल तर ते सकाळच्या वर्गात सर्वांदेखत सांगावे, तेही नेमके: “परवा त्या आजींची ठेव मोडण्यापूर्वी मॅडमनी त्यांच्या मुलाला फोन लावला” असे. ‘सगळे छान काम करताय’ या वाक्याने कोणाचेच समाधान होत नाही.

विमा पॉलिसी विकण्याची उद्दिष्टे, वसुलीसाठी एकट्या कर्मचाऱ्याला पाठवणे, रात्री दहानंतर व्हॉट्सॲप गटावर येणारे आदेश, या तिन्हींना मर्यादा घालावी. वसुलीला नेहमी दोघांनी जावे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती असावी लागते. तिची माहिती प्रत्येक शाखेत, सदस्यांच्या नावांसह, ठळकपणे लावलेली असावी.

सातवे पाऊल: फरक पडतो आहे की नाही

समाधानाच्या प्रश्नावल्या लहान बँकेत फारशा उपयोगाच्या नसतात, कारण हस्ताक्षरावरून माणूस ओळखू येतो आणि सगळे ‘उत्तम’वर खूण करतात. त्याऐवजी बँकेकडे आधीपासून असलेल्या नोंदी पाहाव्यात. अंतर्गत तपासणीत त्याच त्याच शेऱ्यांची पुनरावृत्ती होते का? सस्पेन्स खात्यातील (नेमके खाते न ठरलेल्या रकमांच्या) जुन्या नोंदी कमी झाल्या का? डे-एंड सरासरी किती वाजता होते? एक-एक दिवसाच्या आजारपणाच्या रजा सोमवारी वाढतात का? बदली मागणारे अर्ज एकाच शाखेतून येतात का? या पाच गोष्टी दर तिमाहीला एका पानावर मांडता येतात आणि त्यासाठी सल्लागार नेमावा लागत नाही. शेवटचे दोन प्रश्न शाखाधिकाऱ्यांविषयी असतात, कर्मचाऱ्यांविषयी नव्हे, हे वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

राजीनामा देणाऱ्या प्रत्येकाशी मुख्य कार्यालयातील अशा अधिकाऱ्याने बोलावे, ज्याच्या हाताखाली त्याने कधी काम केलेले नाही. हे बोलणे शेवटच्या दिवशी, हिशेब आणि अनुभवपत्र हातात दिल्यानंतर करावे, म्हणजे तो मोकळेपणाने सांगेल. त्याने सांगितलेले नावाशिवाय टिपून ते तिमाहीच्या त्याच पानामागे जोडावे, आणि ते पान संचालक मंडळाच्या सभेत कर्जमंजुरीच्या विषयांच्या आधी घ्यावे. शेवटी ठेवलेला विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर जातो.